वाटूरचे धपाटे आणि मस्कतचं विमान

वाटूर फाट्यावर गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी मांडीवरच्या पिशवीची चेन तिसऱ्यांदा उघडून पाहिली. पासपोर्ट, तिकिटं, डॉक्टरांची चिठ्ठी, सिरप, इंजेक्शन आणि धपाट्यांचा डबा. सगळं जागेवर होतं. मागच्या सीटवर आठ वर्षांची ईश्वरी आणि पाच वर्षांचा समर्थ खिडकीवरून भांडत होते. आम्ही तिघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होतो. विमान पडेल अशी भीती मला अजिबात वाटत नव्हती, माझी सगळी भीती विमानात मिळणाऱ्या जेवणाची होती.

ईश्वरीला शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांची असताना कुणीतरी हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला आणि दहा मिनिटांत पोरीचा चेहरा असा सुजला की मी तिला ओळखलं नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, जन्मभर सांभाळा. आता मराठवाड्यात शेंगदाणा सांभाळायचा म्हणजे काय, ते आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. वांग्याच्या भाजीत कूट, साबुदाण्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि पाहुणा आला की आणखी मूठभर जास्त कूट. वर माणसांचा विश्वास बसत नाही. दाण्यानं कधी कुणाला काही होतं का, असं म्हणत एका लग्नात लांबच्या मावशीने माझी पाठ वळताच तिला 'थोडंसंच' भरवून पाहिलं होतं. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. तेव्हापासून मी कुणाच्याही ताटावर विश्वास ठेवत नाही.

त्यात माझी नोकरीही तसलीच. मी परतूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मुलांना खिचडी वाढण्याआधी ती शिक्षकाने चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. बाकीचे एक घास खातात आणि सही ठोकतात. मी कढईत डाव घालून तळापर्यंत पाहते. आमच्या खिचडीवाल्या बाई मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

ईश्वरीचे पप्पा जालना एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. दोन वर्षांपूर्वी ते ओमानमधल्या सोहारला पोलादाच्या कारखान्यात गेले. या उन्हाळ्यात त्यांनी आमचा व्हिसा काढला, आणि तिकीट काढताना जालन्याच्या एजंटाने मला निश्चिंत करायचा प्रयत्न केला. शाकाहारी आहात ना, मग हिंदू मील टाकून देतो, बिलकुल बिनधास्त राहा, असं तो म्हणाला. मी घरी येऊन विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की हिंदू मील म्हणजे त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मटण येऊ शकतं. मी विचारलं नसतं तर माळकरी घरातली माझी पोरं आकाशात कोंबडी खाऊन आली असती.

मग मी आणखी दोनदा फोन केला. जी माहिती मिळाली ती पोरं घेऊन जाणाऱ्यांच्या कामाची आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. मुलांचं जेवण वेगळं मिळतं, पण ते आधी कळवावं लागतं, विमानतळावर जाऊन मागितलं तर मिळत नाही. ते शाकाहारी हवं हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं. दाण्यांबद्दल मात्र दोघींनी एक उत्तर दिलं आणि तिसरीने वेगळंच. सार काय, तर आम्ही दाणे घालत नाही, पण स्वयंपाकघरात असू शकतात, हमी देता येत नाही. हमी नाही म्हणजे घरचा डबा, हे मी फोन ठेवायच्या आत ठरवलं.

लांबच्या प्रवासाला निघायचं तर गावच्या घरातून निघायचं, अशी सासरची पद्धत. म्हणून आम्ही आदल्या दिवशी वाटूरला मुक्कामाला गेलो. तिथे आत्याबाई एकट्या असतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या चिवड्यात दाणे निघाले आणि मी चार पाहुण्यांसमोर तोंड सोडलं. 'आमी काय लेकराला माराया बसलोत का?' एवढं म्हणून त्या आत गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं चहा, पाणी आणि पोरांची अंघोळ यापुरतं उरलं होतं.

त्यामुळे मी पीठ परतूरहून माझ्या पिशवीत घेऊन गेले होते. तिखट, मीठ, तीळ, सगळं माझं. सकाळी उठून त्यांच्याच स्वयंपाकघरात मी धपाटे (ज्वारी, गहू आणि बेसनाच्या पिठात कांदा-लसूण घालून ओल्या फडक्यावर थापतात ते) केले. फक्त बुधलीतलं तेल त्यांचं होतं. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. सर्दीने माझं नाक चोंदलं होतं आणि डोळे कांद्याने वाहत होते. निघताना त्यांनी तिघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली, आणि मी त्या दह्याकडेसुद्धा एकदा नीट पाहून घेतलं.

गाडी चालवायला परतूरचे सत्तारभाई होते. जालन्याजवळ एमआयडीसीची धुराडी दिसायला लागली तशी ईश्वरीने समर्थला पप्पांची जुनी मिल दाखवली. ती दुसरीच मिल होती. सत्तारभाईंच्या भावाची पोरं सौदीला असल्याने त्यांना विमानाची माहिती होती. मी पिशवीची चेन पुन्हा उघडली तेव्हा ते आरशातून पाहत म्हणाले, 'मॅडम, इत्ता शक करू नका. खाना हाय त्यो, जहर न्हाई.'

'आमच्या लेकराला जहरच आहे,' मी म्हणाले. 

संभाजीनगरच्या विमानतळावर तपासणीच्या जागी आमची पिशवी बाजूला काढण्यात आली. लोणच्याची बाटली ठेवून घेतली. पातळ पदार्थ हातातल्या सामानात चालत नाहीत, हे एजंटाने सांगितलं नव्हतं. धपाटे हातात घेऊन तिथल्या बाईने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. तिने एक उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. माझ्यासारखीच संशयी बाई पाहून मला बरं वाटलं.

मुंबईपर्यंतचं विमान उडालं कधी आणि उतरलं कधी ते कळलं नाही. पाण्याची वाटी हलावी तसं एकदा हललं, समर्थने माझा हात धरला, संपलं. तिथे फक्त पाणी मिळालं. खरं जेवण पुढच्या विमानात होतं, मुंबई ते मस्कत, अडीच-तीन तासांचं. दुपारची वेळ होती. खाली समुद्र दिसतो असं सगळे सांगतात, आम्हाला पंख दिसला.

मुलांची ताटं सगळ्यांच्या आधी येतात, हे एक चांगलं आहे. वाईट हे की मोठ्यांचं येईपर्यंत पोरांचं सांडून होतं. चित्रं काढलेल्या खोक्यात चांदीच्या कागदाखाली पास्ता होता, हात भाजेल इतका गरम. शेजारी फळांच्या फोडी, एक गार पाव, रस, दही आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला लहानसा केक. वर गेल्यावर हवा फुगते, त्यामुळे दह्याचं झाकण काढताना ते उडतं. आमचं पुढच्या सीटच्या पाठीवर उडालं. समर्थने पास्ता चाखून 'अळणी आहे' असं जाहीर केलं आणि सगळा संपवला.

ईश्वरीचं खोकं मी माझ्यापुढे ओढून घेतलं. एअर होस्टेस विशी-बाविशीची मुलगी होती. मी तिला एकेक वस्तू दाखवून विचारत गेले, यात काय आहे, तेल कोणतं आहे, तुम्ही स्वतः पाहिलंय का. तिने चिकटवलेल्या कागदावरची बारीक अक्षरं तीन वेळा वाचून दाखवली. दाण्याचं नाव कुठेच नव्हतं. तरी मी पास्ता नाकारला, दही नाकारलं. ईश्वरी रडकुंडीला आली. शेवटी केकचं वेष्टन मी स्वतः वाचलं, कोपरा तोडून खाल्ला आणि उरलेला तिला दिला. आधी मात्र एक धपाटा पूर्ण खायचा, अशी अट घातली. तिने मुकाट्याने धपाटा खाल्ला आणि मग केक खाल्ला.

थोड्या वेळाने ती ओठ चोळायला लागली. मी तिची हनुवटी वर केली तर खालचा ओठ सुजलेला. गळ्यावर लाल गांध्या उठत होत्या. पोटात दुखतंय, असं ती म्हणाली. सिरपचं बूच मला उघडेना. मागच्या रांगेतली एक बाई उठून आली. ती केरळची होती आणि मस्कतला दवाखान्यात नर्स होती. तिने सिरप पाजलं, चिठ्ठी वाचली, इंजेक्शन काढून हातात तयार ठेवलं आणि ईश्वरीची नाडी धरून तिच्याशी गप्पा मारत बसली. श्वास नीट चालला होता. अर्धा तास ती जागची हलली नाही. इंजेक्शन द्यायची वेळ आली नाही.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं, ते सांगायची मला आजही लाज वाटते. मी त्या एअर होस्टेसवर तुटून पडले. तू खोटं बोललीस, न वाचता सांगितलंस, माझ्या लेकराच्या जिवाशी खेळलीस, असं सगळं विमान ऐकेल इतक्या मोठ्याने बोलले. ती मुलगी पांढरीफटक पडली होती. 'मॅम, जो लिखा था वही पढ़ा,' एवढंच ती म्हणाली. तिच्या वरच्या बाईंनी केकचं वेष्टन पिशवीत जपून ठेवलं आणि मला फॉर्म दिला. मी त्यावर त्या मुलीचं नाव लिहिलं, तिच्या छातीवरच्या पट्टीवरून बघून, स्पेलिंग न चुकता.

मस्कतला उतरलो तेव्हा ईश्वरीचा ओठ पुष्कळ उतरला होता. पप्पा काचेपलीकडे उभे होते. विमानतळावरच्या डॉक्टरांनी तिला तासभर बसवून ठेवलं आणि जाऊ दिलं. सोहारचा रस्ता लांब आहे. एका बाजूला समुद्र असतो पण दिसत नाही, दुसऱ्या बाजूला गवताची काडी नसलेले तपकिरी डोंगर. आमच्या जालन्याच्या उन्हाला मी फार मानायचे, तिथलं ऊन पाहून ते मानणं सोडलं. वाटेत एका टपरीवर गरम खुबूस (तिथली मऊ रोटी) आणि दुधाचा चहा घेतला. मी तिथल्या मलबारी माणसाला दहा प्रश्न विचारले. पप्पा म्हणाले, अगं त्याला काम करू दे.

चार दिवस मी त्या विमान कंपनीला शिव्या देत होते. फोनवरून परतूरला, जालन्याला, सगळ्यांना सांगून झालं. विमानातलं काही खाऊ नका, केकमध्ये दाणे घालतात. पाचव्या दिवशी पप्पांनी फ्रीजरमधून धपाटे काढले. ते मी त्यांच्यासाठी मोठ्या बॅगेतून वेगळे नेले होते. गरम केले, दह्याबरोबर खायला बसलो. ईश्वरीने दोन घास खाल्ले आणि ओठाला हात लावला.

या वेळी विमान नव्हतं, केक नव्हता, ती मुलगी नव्हती. सिरप दिलं, दवाखान्यात नेलं, पोरीचं थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर पप्पांनी उरलेला धपाटा नाकाशी धरला. वाटूरच्या मातीत वाढलेला माणूस, त्यांना एका श्वासात कळलं.

'घाण्याचं शेंगदाणा तेल आहे हे,' ते म्हणाले. 'आपल्या घरी करडईचं असतंय ना?'

माझं नाक एव्हाना मोकळं झालं होतं. मीही वास घेतला. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो, तेही चालणार नाही. मी ते शाळेत सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं, विमान कंपनीला सांगितलं होतं. आणि मग स्वतःच्या हाताने त्याच तेलात धपाटे भाजून पोरीला भरवले होते. वाटूरच्या बुधलीत करडई सोडून दुसरं काही असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आमच्या भागात जुन्या घरात तेल म्हणजे करडईचंच.

मी त्याच दिवशी विमान कंपनीला लिहिलं की चूक माझी होती, केकमध्ये काही नव्हतं, त्या मुलीचं नाव काढून टाका. आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत, असं छापील उत्तर आलं. तिच्यापर्यंत ते पोचलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. ते अजून मनातून जात नाही.

पण खरं सांगायचं तर मनात त्याहून वाईट एक गोष्ट शिरली होती. आत्याबाईंनी मुद्दाम केलं का? त्या मावशीसारखं, सवय लावायला, किंवा दिवाळीचा राग म्हणून? पप्पांसमोर बोलायची हिंमत झाली नाही. सोहारच्या किनाऱ्यावर पोरं शिंपले वेचायची, नवरा मासेवाल्यांची दुकानं लांबूनच दाखवायचा आणि मी खाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसल्या बसल्या सासूची उलटतपासणी घ्यायचे. महिनाभर रोज. प्रश्न पाठ झाले होते.

परतीच्या विमानात मी ईश्वरीचं खोकं तिच्यापुढेच ठेवलं. तिने कागद स्वतः वाचला, पास्ता खाल्ला, केक अर्धा समर्थला दिला. काही झालं नाही. मी सगळा वेळ तिच्या ओठांकडे बघत होते, माझं जेवण तसंच गार झालं.

वाटूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा पोरांवरून ओवाळून टाकला, ईश्वरीला जवळ ओढून तिचं तोंड उजेडात धरून पाहिलं. 'इमानातलं बाधलं म्हणं माझ्या लेकराला. त्यांना काय माया असती का?' त्या म्हणाल्या. मला तिथेच थांबता आलं असतं. सगळ्या तालुक्याने ती गोष्ट मान्य केली होती. पण तेलाची ती बुधली चुलीशेजारी तशीच होती, आणि पोरगी पुन्हा याच घरात जेवणार होती.

मी म्हणाले, 'विमानातलं नव्हतं, आत्याबाई. माझ्या धपाट्यांतलं तेल बाधलं.'

त्यांनी बुधली पुढ्यात ओढली. मी पाठ केलेले प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलायला लागल्या. हळू, मला नव्हे तर त्या बुधलीलाच सांगितल्यासारख्या.

'तुम्ही येणार म्हणून आठ दिस घरात कूट केला न्हाई. दाण्याचा डबा शेजारी देऊन आल्ते. करडईचं तेल सरलं, मंग लेकरं लांब चाललेत, ताजं असावं म्हणून घाण्यावरून आणलं. दाणा बाधतो एवढं ठाव व्हतं मला. तेलात दाणा कुठं दिसून राह्यला होता?'

मी बुधलीचं बूच काढून वास घेतला.

'त्या इमानवाल्यांला तीनदा फोन केलास म्हणं,' त्या म्हणाल्या. 'मी तर दारातच उभी व्हते, बाई. मला एकदा इचारलं असतंस.'

माझे सगळे प्रश्न तिथेच संपले. त्या रडत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. दिवाळीपासून मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते हे फक्त त्यांनी मला सांगितलं, तेही इतक्या दिवसांनी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि या वेळी समोर कांदा नव्हता.

मग मी चुलीपाशी बसले. मांडणीवरचा पहिला डबा काढला आणि विचारलं, यात काय आहे. त्यांनी सांगितलं. दुसरा काढला. हळदीच्या डब्यापासून पापडाच्या पिठापर्यंत मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, आणि ईश्वरी आमच्या दोघींच्या मधे बसून ऐकत होती. मधे एकदा चहा झाला. सगळे डबे व्हायला मुंबईहून मस्कतला पोचायला लागतो तेवढाच वेळ लागला.